तापल्या तारेचं रुखवत

'बिनआईची पोर' हे शब्द कुणी माझ्यासमोर काढले की माझं डोकं फिरतं. काढणारी माझी सख्खी मोठी बहीण असली तरी फिरतं. उलट जास्तच फिरतं.

माझ्या लेकीचा, रेणूचा साखरपुडा होऊन आठ दिवस झाले होते. भामाअक्का आमच्या गौलीगुड्याच्या घरी आली, पंखा पाचवर केला आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "केशव, रुखवताचं काय करायलास?"

"काय करायचंय? बाकीचं सगळं होईल तसं तेही होईल."

"कसं होईल? रुखवत मुलीची आई करते. वर्ष वर्ष आधी बसते करत. आता पद्मा नाही, तर आपण बेगम बाजारातनं रेडीमेड आणू. पाच वस्तूंचा सेट मिळतो, पालखी-बिलखी सगळं असतं त्यात. कुणी काही म्हणणार नाही रे. सगळ्यांना ठाऊक आहे, पोर बिनआईची आहे."

झालं. मी उठून उभाच राहिलो. "रेडीमेड नक्को. रुखवत मी करीन."

अक्का हसली म्हणजे काय हसली! पदर तोंडाला लावून हसली. "तू? तुला सुईत दोरा ओवता येतो का?"

"चौतीस वर्षं डेपोत बसची इंजिनं खोलून बसवलीत. त्यापुढं तुझं रुखवत किस झाड की पत्ती?"

"दिवाळीपर्यंत करून दाखव," अक्का म्हणाली. "नाहीतर मी सेट आणते, आणि मग तू तोंड उघडायचं नाहीस."

रागात बोलायचं आणि मग ते खरं करत बसायचं, ही आमच्या घराण्याची जुनी खोड. माझ्या आजोबांनी अशाच रागात उदगीरकडचं शेत भावाला देऊन टाकलं आणि हैदराबादला निघून आले. म्हणून आम्ही हैदराबादी झालो. नाहीतर आज मी तूर काढत बसलो असतो.

पण खरं सांगतो, राग एका बाजूला आणि भीती दुसऱ्या बाजूला. मंदार, म्हणजे आमचा होणारा जावई, पुण्याचा. लग्नात पुण्याच्या पंचवीस-तीस बायका येणार, रुखवताच्या टेबलासमोर उभ्या राहणार, विकतच्या पालखीला हात लावून बघणार आणि एक जण दुसरीच्या कानात म्हणणार, "आई नाही ना बिचारीला." ते रेणूच्या कानावर पडणार. त्याच दिवशी, नवरीच्या शालूत. हे मला होऊ द्यायचं नव्हतं. बाकी लग्नात वरण खारट झालं असतं तरी चाललं असतं.

दोन दिवस मी कागदावर काय काय काढून बघितलं. तिसऱ्या दिवशी रेणूनं ते कागद बघितले. ती आणि मंदार एकाच कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतात, त्यामुळं तिला प्रत्येक गोष्टीवर मशीन सुचतं.

"पप्पा, मंदारकडे थर्माकोल कापायचं मशीन आहे," ती म्हणाली. "म्हणजे मशीन नाही, मशीनचे तुकडे आहेत. त्याला छोटी विमानं उडवायचा शौक होता. पंख कापायला म्हणून किट मागवलं, आणि दोन वर्षं झाली, डबा पलंगाखालीच आहे."

"दोन वर्षं पलंगाखाली?" मी म्हटलं. "आणि अशा माणसाशी तू लग्न करायलीस?"

रविवारी मंदारराव गच्चीबावलीहून स्कूटरवर डबा घेऊन आले. आमच्यात होणाऱ्या जावयाला पाटावर बसवतात, हातात पेढा देतात. मी पेढा दिला आणि दुसऱ्या हातात पान्हा दिला.

डबा उघडला तर आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, चार लहान मोटरी, दातेरी रबरी पट्टे, एक हिरवं सर्किट, वायरींचं भेंडोळं आणि स्क्रूच्या बावीस पुड्या. मी घरातली सगळी स्टीलची ताटं काढली आणि एकेका ताटात एकेका मापाचे स्क्रू मांडले. मंदाररावांनी फोनवर फोटो काढला. म्हणाले, "काका, हे फार भारी आहे." त्यात काय भारी? डेपोत पहिल्याच दिवशी हे शिकवतात. जो माणूस स्क्रू जमिनीवर ठेवतो, तो संध्याकाळी जमिनीवर रांगतो.

मशीनची अक्कल सोपी होती. दोन बाजूंना दोन खांब. दोघांच्या मध्ये एक बारीक तार ताणून बांधलेली. तारेतून वीज गेली की ती तापते. मोटरी त्या खांबांना पुढंमागं आणि तारेला वरखाली नेतात, आणि तापलेली तार थर्माकोलमधून जाते, साबण दोऱ्यानं कापावा तशी. कुठं वळायचं ते मंदाररावांचा लॅपटॉप सांगणार. दोन्ही बाजू अगदी बरोबरीनं चालल्या पाहिजेत, एवढीच काय ती अट.

आता गंमत अशी, की मंदारराव हुशार, पण हात कच्चा. माहितीपत्रक असं वाचायचे की जणू पोथी. आणि स्क्रू असा आवळायचे की जणू मागच्या जन्मीचं वैर. मी तासभर गप्प बसलो. माझ्या मानानं तासभर म्हणजे खूप झालं. मग एक स्क्रू तिरका जायला लागला आणि हे आपले दात-ओठ खाऊन फिरवतायत.

"अबे गधे! चुडी मारशील ना त्याची, आटे जातील सगळे! हात आहे की हातोडा?"

बोललो आणि जीभ चावली. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं. रेणू दारात येऊन उभी. होणाऱ्या जावयाला गाढव म्हणालो होतो, तेही पेढा खाऊन झाल्यावर.

"म्हणजे... मंदारराव," मी म्हटलं, "जरा हळू आवळावं."

मंदार खो खो हसत सुटला. "काका, तुम्ही अबेच म्हणा. मंदारराव म्हटलं की मला मागे वळून कोण आलंय ते बघावंसं वाटतं."

त्या दिवसापासून तो मंदार झाला आणि काम तिप्पट वेगानं व्हायला लागलं.

चार रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी गेल्या. एकदा मशीन पूर्ण उभं राहिलं आणि ताटात सात स्क्रू उरले. मंदार म्हणाला, कंपनीनं जास्तीचे दिले असतील. मी म्हटलं, बसचं चाक बसवून सात नट उरले तर तू त्या बसमध्ये बसशील का? मुकाट्यानं सगळं खोललं. डाव्या खांबाचा अख्खा एक कोपरा राहून गेला होता. परत बसवलं. पहिल्यांदा चारही मोटरी चालू केल्या तेव्हा मशीन असं गुणगुणलं की अक्का वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीला म्हणाली, "केशवनं मधमाश्या पाळल्यात वाटतं."

रुखवतात काय मांडायचं ते तोवर ठरलं होतं. एक तुळशीवृंदावन, पायऱ्यापायऱ्यांचं. पालखीच्या जागी एक बस, कारण पालखी मी जन्मात खोलली नाही. बसच्या पाटीवर 'गौलीगुडा – गच्चीबावली', आणि मागच्या काचेवर रेणूच्या म्हणण्याप्रमाणं 'परतीची बस दर दहा मिनिटांनी'. आणि सगळ्यांच्या पुढं सप्तपदीची सात पावलं. पावलं बाजारातल्यासारखी छापाची नाहीत, रेणूच्याच पायाची.

तिला खाकी कागदावर उभं केलं आणि मी पेन्सिल घेऊन खाली बसलो. "पप्पा, गुदगुल्या!" म्हणून ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी तिच्या बोटांभोवती पेन्सिल फिरवत होतो. पायाच्या अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब, हुबेहूब पद्मावतीसारखं. मान खाली होती ते बरं झालं. "हलू नकोस," एवढंच खेकसलो.

मशीन तयार झालं नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आता बघा, डेपोत चौतीस वर्षं आम्ही खंडेनवमीला प्रत्येक बस धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, कोहळा फोडला. ज्या मशीनची पूजा नाही, ते मशीन मी चालवत नाही. मंदारलाही नवा सदरा घालून बोलावलं. खांबांना हळदीकुंकू लावलं, मोटरींना झेंडूची फुलं, नारळ फोडला आणि आम्ही दोघांनी मूठमूठ भरून कुंकवाच्या अक्षता टाकल्या. पुण्याचा असून मंदारनं मनापासून टाकल्या, मला कौतुक वाटलं. पूजेनंतर दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून दोन दिवस चादर घालून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पहिलं पाऊल कापायला घेतलं. खिडक्या उघडल्या, कारण तापल्या थर्माकोलचा धूर वाईट. तार तापली, मोटरी फिरल्या, तार लोण्यातून जावी तशी गेली. पाऊल बाहेर आलं.

लंगडं होतं. टाचेजवळ एक पायरी पडलेली, बोटांजवळ दुसरी, आणि करंगळी तर अर्धं बोट बाजूला सरकून भलत्याच माणसाची झाली होती. दुसरं कापलं, तेही तसंच. तिसऱ्याला सहा बोटं आली.

नेमकी तेव्हाच अक्का फराळाचं काहीतरी घेऊन आली. तिनं तिन्ही पावलं उचलून उजेडात धरली. "हे काय रे? नवरी अशी चालत जाणार?" मग आवाज उतरवून म्हणाली, "केशव, हट्ट सोड. पोरीचं हसं होईल. आईची सर आपल्याला येत नाही, हे मान्य करण्यात काय कमीपणा आहे?"

मी तिच्या हातातून पावलं काढून घेतली. तिचं म्हणणं खरं वाटायला लागलं होतं, म्हणून जास्त लागलं.

मंदार लॅपटॉप घेऊन बसला. वेग कमी केला, जास्त केला, कसले कसले आकडे बदलले, किटच्या कंपनीत कुणाकुणाला फोन केले. आठवडा गेला. ऑफिस सुटल्यावर रोज गच्चीबावलीहून इथवर यायचा, जागून लाल झालेले डोळे घेऊन. पावलं लंगडी ती लंगडीच. दिवाळी अकरा दिवसांवर आली. अक्कानं दुकानात जाऊन आगाऊ पैसे भरून पाच वस्तूंचा सेट सांगूनही ठेवला.

शेवटी मी म्हटलं, "बंद कर तो लॅपटॉप. मशीन चालू ठेव, आणि कुणी बोलू नका."

मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक मोटरीला लावलं आणि मूठ कानाला. इंजिनात कुठलं बेअरिंग रडतंय ते आम्ही असंच ऐकायचो. पहिली मोटर, ठीक. दुसरी, ठीक. तिसरी, ठीक. डाव्या बाजूची चौथी. घर्रर्र... टक्. घर्रर्र... टक्. दर फेऱ्याला एक टक्.

"बंद कर!" मी ओरडलो. पट्टा सैल केला, मोटरीवरचं दातेरी चाक काढलं आणि चष्मा कपाळावर चढवून बघितलं. दोन दातांच्या मध्ये एक लाल कण घट्ट रुतून बसला होता. सुईनं काढला, तळहातावर घेतला.

तांदूळ. कुंकवाचा तांदूळ. एक दाणा!

दर फेऱ्याला तो पट्ट्याला उचलत होता, पट्टा एक दात घसरत होता, डावी बाजू मागं राहत होती आणि माझी पोर लंगडत होती.

मंदार माझ्याकडे बघतोय, मी मंदारकडे. "काका," तो म्हणाला, "ही तुमच्या मुठीतली की माझ्या?"

"तुझ्या," मी म्हटलं. "माझा नेम चुकत नाही."

मग आम्ही दोघं असे हसलो की रेणू धावत आली. तिला सांगता येईना. तांदूळ दाखवला तर तीही भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "देवाला सांगायचं ना, हमारे मशीन को आशीर्वाद नक्को म्हणून!" सगळं मशीन खोललं, पुसलं, आणखी अकरा दाणे निघाले. पुढच्या खंडेनवमीला अक्षता डब्यावर टाकायच्या, मशीनवर नाही, हा ठराव झाला.

पुढच्या पावलाला पाच बोटं आली. शेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. मी ते पाऊल दोन्ही हातांत घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे.

दिवाळीच्या दोन दिवस आधी अक्का आली. टेबलावर सात पावलं होती, कडा घासून रंगवलेली. वृंदावन होतं, नऊ पायऱ्यांचं. बस होती, तिच्या खिडकीत दोन लहान माणसं बसलेली. अक्कानं वाकून एकेक वस्तू बघितली. मग पिशवीतून दुकानाची पावती काढली, फाडली आणि म्हणाली, "बसला आरसा नाही लावलास. विसरलास बघ."

तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्तावर आमच्याकडचं लग्न लागायचं ठरलं. हॉल नामपल्लीच्या बाजूला. सकाळी रुखवत मांडलं आणि मी जवळच खांबाला टेकून उभा राहिलो. पाहुण्यांचं स्वागत करायचं सोडून इथं काय करायलास, म्हणून अक्का दोनदा ओरडून गेली. मला हलवेना.

पुण्याच्या बायका आल्या. पुढं शैलाताई, मंदारची आई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नजर अशी की माणूस आपोआप शर्टाची बटणं तपासतो. बायका पावलांवर वाकल्या, बसवर हसल्या. मला जरा बरं वाटायला लागलं. एवढ्यात त्यांच्यातली एक मावशी, बिचारीला काही ठाऊक नसावं, मोठ्यानं म्हणाली, "किती सुरेख हो! मुलीच्या आईनं केलंय का सगळं?"

टेबलाभोवती कुणी बांगडीही वाजवेना. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत रेणू मुंडावळ्या बांधून घेत बसली होती. तिनं ऐकलं. मी बघितलं, तिनं ऐकलं. अक्कानं तोंड उघडलं, आणि मला कळलं ती काय म्हणणार.

"मी केलंय," मी म्हणालो. जरा जोरातच निघालं.

शैलाताईंनी माझ्याकडे बघितलं. मग पावलांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं आता म्हणतील, आई नाही ना, वडिलांनी केलंय बिचाऱ्यांनी. तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "असं का? मग आमच्याकडची रीत ऐका. रुखवत जिनं केलं तिनं नाव घेतल्याशिवाय आम्ही इथून हलत नाही. इथे विहीण तुम्हीच. घ्या नाव."

"घ्या, घ्या!" बायकांनी गलका केला.

सहा वर्षं झाली होती पद्मावतीला जाऊन. सहा वर्षांत मी तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेणूशी बोलताना 'तुझी आई' असंही म्हणायचं टाळायचो. तीही टाळायची. मला वाटायचं, मी पोरीला जपतोय. आणि आता तीस बायका, कॅमेरावाला आणि आचारी सुद्धा माझ्या तोंडाकडे बघत उभे.

पळून जावंसं वाटलं. पण समोर सात पावलं मांडलेली, पळणार कुठं? मग मीच ऐकलं, मी बोलत होतो.

"तार तापली, मोटर फिरली, पावलं पडली सात,
पद्मावती असती तर म्हणाली असती, आधी धुवा ते हात!"

असा हशा उठला की सनईवाल्यानं वाजवायचं थांबवलं. शैलाताई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. "विहीणबाई कडक होत्या की हो!" त्या म्हणाल्या.

"कडक?" अक्का पुढं सरसावली. "अहो, ह्याला भरल्या ताटावरनं उठवायची! काळे हात घेऊन बसला की उठ! एकदा तर पाहुण्यांसमोर! आणि मला, मोठ्या नणंदेला, विळीवर बसायच्या आधी विचारलं होतं तिनं, वन्सं, हात धुतले का?"

मग कुणी थांबेना. शेजारच्या बायकांनी पद्मावतीच्या आंबट वरणाचं सांगितलं. शैलाताई एकेक विचारत होत्या, अगदी विहिणीची विचारपूस करावी तसं: बोलायची कशी, भांडायची का, कुणावर गेली आहे मुलगी. मी पायांची बोटं दाखवली. तेवढ्यात दारातून रेणू आली, अर्ध्या मुंडावळ्या लोंबत असलेली, डोळे वाहत असलेली, आणि हसत हसत म्हणाली, "पप्पा, ते सांगा ना, आईनं तुमच्या ग्रीसच्या शर्टाचं पायपुसणं केलं होतं ते!"

आई. सहा वर्षांनी आमच्या दोघांत तो शब्द सहज पडला होता, आणि दोघांपैकी कुणी मेलं नाही.

मला दोन-अडीच महिने भीती होती, की लग्नात पोरीच्या आईचा विषय निघेल. निघाला. चांगला पाऊण तास चालला. भटजी मांडवातून हाका मारून मारून दमले, मुहूर्त चुकता चुकता राहिला, आणि तरी कुणी हलायला तयार नव्हतं.

शेवटी अक्कानं मला ढकललं, "चल, कन्यादान कोण करणार?"

मी म्हटलं, आलोच. मागच्या बाजूला नळ होता. तिथं जाऊन मी साबण लावून, कोपरापर्यंत हात धुतले. सकाळपासून स्वच्छच होते तसे.